काळ्या शेपटीचा क्रौंच

आमच्या कचेरीत मिस ग्वाकचं पहिलं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मी काही हे अभिमानानं सांगत नाही. तिच्यापासून तीन टेबलं सोडून मी बारा वर्षं बसलो. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तिच्या डब्यात जवाचा भात आणि परतलेली सुकट असते, थंडीत तिची बोटं फुटतात आणि ती त्यांना डुकराची चरबी लावते, हे सगळं मला पाठ होतं. नाव ठाऊक नव्हतं. कचेरीत मुलगी लागली की ती मिस अमुक व्हायची आणि लग्न होऊन नोकरी सोडेपर्यंत मिसच राहायची. हिचं लग्न झालं नाही, म्हणून चाळिशी जवळ आली तरी ही मिसच.

आमचा विभाग टपालाच्या तिकिटांची चित्रं करायचा. सोलमधल्या एका सरकारी इमारतीचा तिसरा मजला, उत्तरेच्या खिडक्या, मध्ये कोळशाची शेगडी, आठ पुरुष आणि ती. सकाळी आल्याबरोबर ती आठ कप कॉफी करायची. दोन चमचे कॉफी, दोन दुधाची पूड, दोन साखर, सगळ्यांना सारखी. मग खिडकीजवळच्या टेबलावर बसून देशातले सगळे पशुपक्षी काढायची. कस्तुरीमृग तिनं काढला. काळा सुतारपक्षी, बदकांची जोडी, डोंगरातली रानबकरी, झाडावरचा हिरवा बेडूक, सगळं तिचं. चित्र तिकिटाच्या सहापट मोठं काढायचं आणि छापताना ते लहान व्हायचं. बाकीचे चित्रकार म्हणत, लहान होताना चुका झाकल्या जातात. मिस ग्वाक म्हणे, चुकाही लहान होतात, जात नाहीत.

माझं काम माहितीपत्रकाचं. प्रत्येक नव्या तिकिटाबरोबर एक पत्रक निघायचं. विषय काय, किंमत किती, रंग किती, प्रती किती, आणि शेवटच्या ओळीत चित्रकाराचं नाव. ते लिहायचं आणि टाइप करायचं हे माझ्याकडे. शेवटची ओळ मी डोळे मिटून टाइप करू शकलो असतो, कारण तिथं नेहमी एकच नाव असायचं, मेंग सोक-जू. हे आमचे साहेब.

मेंग साहेब वाईट माणूस होते असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. ते वाईट नव्हते. पाऊस पडला की सगळ्यांना स्वतःच्या खिशातून शेवयांचा रस्सा पाजायचे. मिस ग्वाकला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की विभागातून जे निघतं ते विभागप्रमुखाचं. ते स्वतः शिकाऊ असताना त्यांच्या साहेबांनीही तेच केलं होतं. “नाव माणसाचं नसतं रे ह्योन,” ते मला म्हणायचे, “नाव खुर्चीचं असतं. आज मी बसलोय, उद्या दुसरा बसेल.” त्या खुर्चीवर मिस ग्वाक कधी बसणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवसांत सगळ्या देशाला तिकिटांचं वेड लागलं होतं. नवं तिकीट निघायच्या दिवशी पोस्टापुढे उजाडायच्या आत रांगा लागत. शाळकरी पोरं, कारकून, नातवासाठी उभ्या राहिलेल्या आज्या. लोक तिकिटं नुसती घेत नसत, चिमट्यानं उचलून वहीत ठेवत आणि शेजारी माझं पत्रकही डकवत. तेव्हा मेंग साहेबांचं नाव खेड्यापाड्यांतल्या घरात गेलं होतं. शाळांतली मुलं त्यांना पत्रं लिहायची. ‘मेंग आजोबा, तुम्ही बेडूक फार छान काढला.’ ती पत्रं साहेब मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि बेडूक काढणारी तिकडे कप विसळत असायची.

मिस ग्वाकला या गोष्टीचं काय वाटतं हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मग एकदा दुपारी शेगडीवर डबे गरम करताना तीच बोलली.

ती छॉरवॉनकडची. उत्तर कोरियाच्या सरहद्दीची काटेरी तार जिथून दिसते तिथलं गाव. शेतात जायचं तर शिपायांच्या चौकीवर पास दाखवून जायचं आणि सूर्य मावळायच्या आत परत यायचं. आई वारलेली, वडील एकटे भात पिकवत. प्रत्येक नवं तिकीट निघालं की ही ते पाकिटावर लावून वडिलांना पत्र टाकायची, आत माझं पत्रक घालायची. वडिलांना अक्षर येत नव्हतं. ते पत्रक घेऊन सरपंचाकडे जात आणि वाचून घेत.

“सरपंच शेवटी काय वाचत असतील, सांगा बरं,” ती म्हणाली.

मी भातात चमचा फिरवत बसलो.

“‘चित्रकार, मेंग सोक-जू.’ दर वेळी. मग गावातले लोक बाबांना म्हणतात, ‘ग्वाकदादा, पोरगी पत्रं टाकते एवढं खरं हं. चित्रं दुसरा काढतो, ही तिकीट चिकटवते.’ एक बाई तर म्हणाली की सोलमध्ये खूप मुली चहाच्या दुकानात असतात आणि घरी सांगतात कचेरीत आहे.”

“मग बाबा काय म्हणतात?”

“बाबा म्हणतात, माझी पोर खोटं बोलत नाही. पण ह्योनभाऊ, दहा वर्षं झाली हे म्हणून. आता म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत.”

तिला पैसा नको होता, बढती नको होती. एका पत्रकाच्या शेवटच्या ओळीत नाव हवं होतं, म्हणजे सरपंच ते वाचतील आणि म्हाताऱ्याला मान वर करता येईल. एवढं म्हणजे एवढंच. मी म्हणालो, “साहेबांशी बोलतो.” बोललो नाही.

पुढच्या वर्षी सोलमध्ये पक्ष्यांच्या अभ्यासकांची परिषद भरायची होती, वीस देशांचे पाहुणे येणार होते. त्यानिमित्त खास तिकीट काढायचं ठरलं आणि विषय ठरला क्रौंच. लाल टिळ्याचा, पांढरा, उडता. आमच्याकडे क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य. म्हाताऱ्याच्या साठीला जो घडीचा पडदा मागे उभा करतात त्याच्यावर क्रौंच, नवरीच्या उशीवर क्रौंच, भांड्यांवर क्रौंच. आणि मिस ग्वाकच्या वडिलांच्या शेतात खरे क्रौंच. हिवाळ्यात उत्तरेकडून तार ओलांडून येतात आणि कापणीत सांडलेलं भात टिपतात. तिनं बारा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं. “साहेब, हा मी गावी जाऊन काढते. जिवंत बघून.”

साहेबांनी चार दिवसांची रजा दिली. ती जानेवारीत गेली. वडिलांबरोबर चौकीतून पास दाखवून शेतात गेली आणि पेंढ्याच्या आडोशाला दिवसभर बसली. बोटं गारठली की वडील आपल्या काखेत धरून ऊब देत, असं ती म्हणाली. येताना वही भरून आणली. त्यातलं एक पान मी अजून विसरलेलो नाही. तीन क्रौंच उडताहेत, पाय मागे ताणलेले, पंखांची आतली कड काळी, आणि शेपटी स्वच्छ पांढरी.

“शेपटी पांढरी?” मी विचारलं. मी सोलचा माणूस, मी क्रौंच पडद्यावरच पाहिलेला.

“पांढरीच असते. उभा असला की पंखांची काळी पिसं मिटून मागे पडतात. लोकांना वाटतं शेपटी काळी. उडाला की कळतं.” ती हसली. “जुन्या काळी उमरावांच्या अंगणात क्रौंच पाळायचे ना, पंख छाटून. चित्रकारांनी ते पाहिले. ते उडतील कसे? मग उडणाऱ्यालाही काळी शेपटी चिकटवली. बाबा तर पडदा बघून म्हणतात, हा कोंबडा कुठला?”

तिनं सहापट मोठं चित्र केलं. महिनाभर केलं. माझं चित्रकलेतलं ज्ञान शून्य, पण त्या चित्रापाशी गेलं की गार वारा लागल्यासारखं वाटायचं. मेंग साहेबांनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा वर केला, खाली केला.

“छान,” ते म्हणाले. “शेपटी राहिलीय रंगवायची.”

“राहिलेली नाही साहेब. ती पांढरी असते.”

“मिस ग्वाक, माझ्या वडिलांच्या साठीचा पडदा माझ्या घरात आहे. दोनशे वर्षांच्या परंपरेचा हात आहे त्याच्यावर. अठरा क्रौंच आहेत. अठराच्या अठरांची शेपटी काळी.”

“ते पडद्यावरचे आहेत साहेब. मी शेतातले पाहिलेत. लहानपणापासून.”

“शेतातले कोण बघतंय? तिकीट वर जाणार, महासंचालक बघणार. त्यांना पांढऱ्या शेपटीचा दिसला तर म्हणतील, मेंग, हे बगळ्याचं पिल्लू का पाठवलंस? लोकांना क्रौंच वाटला पाहिजे. खरा असून काय करायचंय?”

ती हलली नाही. तिला असं उभं राहिलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या टेबलांवरचे ब्रश थांबले. मेंग साहेबांना भांडण आवडत नसे. त्यांनी आवाज खाली घेतला आणि ते जवळजवळ मायेनं म्हणाले, “ऐक. शेपटी काळी कर. आणि या वेळी पत्रकावर तुझं नाव घालू. ह्योन, ऐकतोयस ना? चित्रकार म्हणून मिस ग्वाकचं नाव.”

मी म्हणालो, “हो साहेब.”

ती चित्र घेऊन खिडकीपाशी गेली. बसली. मला वाटलं होतं ती दिवसभर विचार करील. तिनं शाई घेतली आणि पाव तासात शेपटी काळी केली. बारीक, सुबक, एक पीस इकडे नाही की तिकडे नाही. मग ब्रश धुतला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाली, “ह्योनभाऊ, पत्रकाच्या चार प्रती जास्त द्याल मला?”

तिचं चुकलं का? चुकलं. मी तिला देवी करणार नाही. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि तिनं ते नावाला विकलं. पण बारा वर्षं ज्याला नाव मिळालं नाही त्यानं शेपटीचा रंग धरून बसावं, हे बोलायला ज्याचं नाव रोज छापून येतं त्यालाच जमतं.

चित्र वर गेलं. महासंचालक खूश झाले. त्यांनी विचारलं, “मेंग, तुमच्याच हातचं ना?” आणि मेंग साहेबांच्या तोंडून सवयीनं ‘हो’ निघून गेलं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, थोडं ओशाळून, मी पत्रकाचा मसुदा घेऊन त्यांच्यापुढे उभा असताना.

“मग नाव कुणाचं घालू साहेब?”

“आता कसं बदलणार? नेहमीचं घाल. पुढच्या तिकिटाला तिचं नक्की. तू सांग तिला नीट.”

मी नेहमीचं टाइप केलं. सांगितलं काही नाही. नोव्हेंबरात तिकीट निघालं, वीस वॉनचं, रांगा लागल्या, पत्रकाचे गठ्ठे विभागात आले. मिस ग्वाकनं वरचं एक पत्रक उचललं आणि शेवटची ओळ वाचली. चार प्रती घ्यायच्या होत्या त्या घेतल्या नाहीत. मग कॉफी केली. कॉफी नेहमीसारखीच होती आणि मी ती प्यायलो.

परिषदेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला तिकिटांचा संच भेट दिला. मी मागे उभा होतो. एक म्हातारा परदेशी पाहुणा खिशातून भिंग काढून क्रौंचाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं दुभाष्याला अगदी सभ्यपणे विचारलं, “हा पक्षी तुमच्याकडेच सापडतो का? आमच्या यादीत नाही.” दुभाष्यानं ते महासंचालकांना सांगितलं. महासंचालक आधी हसले, कारण त्यांना ती स्तुती वाटली. शेजारी बसलेल्या आमच्याच एका प्राध्यापकांनी खालच्या आवाजात समजावून दिलं तेव्हा हसू गेलं. आठवड्यानं त्याच प्राध्यापकांचं पत्र वर्तमानपत्रात आलं. क्रौंच ज्या देशात हिवाळा काढतो त्या देशाच्या तिकिटावर क्रौंच चुकीचा, वगैरे.

वरून फोन आला. मेंग साहेब वर गेले ते तासाभरानं खाली आले. चेहरा पडलेला, पण घाबरलेला नाही. म्हणजे वाट सापडली होती.

“ह्योन, दुरुस्तीचं निवेदन काढायचंय. वर्तमानपत्राला आणि फायलीला. लिही. ‘तिकिटावरील क्रौंचाच्या शेपटीचा रंग चुकीचा छापला गेला. तसेच माहितीपत्रकात चित्रकार म्हणून अनवधानाने विभागप्रमुखांचे नाव पडले. सदर चित्र प्रत्यक्षात विभागातील कर्मचारी ग्वाक...’” ते थांबले. “मिस ग्वाकचं नाव काय रे?”

मला माहीत नव्हतं. मी उठलो, कपाटातून हजेरीचं जुनं रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानावर बघितलं. ग्वाक इन-सुक.

“‘...ग्वाक इन-सुक यांनी काढले असून रंगाची चूक त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाली.’ झालं. टाइप कर.”

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, पण इथं अडचण अशी होती की यातलं अर्धं खरं होतं. चित्र तिनंच काढलं होतं. बारा वर्षांत मी चित्रकाराच्या नावाची पहिली खरी ओळ टाइप करत होतो. टाइप केली. कागद घेऊन वर जाताना तिच्या टेबलावरून गेलो. दोन दिवसांनी आईचं श्राद्ध होतं म्हणून ती गावी निघायच्या तयारीत होती, ब्रश पुसून डब्यात ठेवत होती. तिनं मला विचारलं, “ह्योनभाऊ, गावाहून काही आणू का? आमच्याकडचा तांदूळ चांगला असतो.” मी म्हणालो, “नको.” हातातला कागद मी छातीशी उलटा धरला होता. तो तिला तेव्हा दाखवायला दोन मिनिटं लागली असती.

पुढचं तिनं परत आल्यावर सांगितलं. रडत नव्हती. डबा शेगडीवर ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत सांगत होती.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात माशाची धिरडी तळत होती. वडील अंगणात चेस्टनट सोलत होते. त्या काळी सगळ्या गावांत सरपंचाच्या घरावर भोंगा असे. भोंगा खरखरला. आधी खताची गाडी गुरुवारी येणार हे सांगून झालं. मग सरपंच म्हणाले, “आणि आज गावाला अभिमानाची बातमी. आपल्या ग्वाकदादांच्या मुलीचं नाव सोलच्या वर्तमानपत्रात आलंय. सगळ्यांनी ऐका, मी वाचून दाखवतो.”

वडील उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. ती झारा हातात घेऊन दारात आली. चहाच्या दुकानाचं बोललेली ती शेजारची बाईही कुंपणाशी आली.

सरपंच पुढचं न वाचता आले होते. नाव दिसलं, एवढ्यावरच भोंग्यापुढे बसले होते. सरकारी भाषेत वाक्य संपेपर्यंत कुणाला काही कळत नाही. ते मोठ्यानं वाचत गेले. “...क्रौंचाच्या शेपटीचा रंग चुकीचा... सदर चित्र ग्वाक इन-सुक यांनी काढले असून...” इथं आवाज थोडा खाली आला, पण वाक्य अर्ध्यात सोडायचं कसं हे त्या बिचाऱ्याला सुचलं नसावं. “...चूक त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाली.” मग भोंग्यात खाकरल्याचा आवाज आला, आणि भोंगा बंद झाला.

सबंध गावाला ऐकू गेलं. त्या गावात पाच वर्षांच्या पोरालाही क्रौंचाची शेपटी पांढरी असते हे माहीत आहे. हिवाळाभर ते पक्षी त्यांच्या डोक्यावरून जातात.

“बाबा काय म्हणाले?” मी विचारलं. विचारायला तोंड होतं म्हणून विचारलं.

“आत आले. म्हणाले, दाखव. मी पाकिटातून तिकीट काढून दिलं. त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिलं. म्हणाले, ‘वहीत तर पांढरी होती, पोरी. मी बघितली. आपण दोघांनी बघितली.’”

“मग तू सांगितलंस ना, साहेबांनी सांगितलं म्हणून केली?”

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “काय सांगणार? माझं नाव छापतो म्हणाले म्हणून मी केली, असं सांगणार? आणि नाव छापून आलंच की.” डबा उकळायला लागला होता. तिनं तो फडक्यानं धरून खाली घेतला. “मी म्हणाले, विसरले बाबा.”

“ते काय म्हणाले?”

“‘विसरलीस,’ म्हणाले. आणि उरलेले चेस्टनट सोलायला बसले.”

त्यानंतर ती दर तिकिटाला पाकीट पाठवत राहिली, पण म्हाताऱ्यानं ती सरपंचाकडे कधी नेली नाहीत. चार वर्षांनी तो गेला तेव्हा पाकिटं बंदच्या बंद निघाली.

कचेरीत तिला लेखी खुलासा द्यावा लागला. मेंग साहेबांनी तो सांगितला आणि तिनं लिहिला. पुढच्या तिकिटाला तिचं नाव घालायचा विषय अर्थातच संपला. आता तर कारण होतं, चूक करणाऱ्याचं नाव कसं घालायचं? ती काढत राहिली. घुबड, पाणमांजर, सोनेरी गरुड. साहेब निवृत्त झाले तेव्हा विभागानं त्यांना चामड्याच्या वहीत त्यांच्या नावावरची पशुपक्ष्यांची एकसष्ट तिकिटं लावून भेट दिली. चिमट्यानं ती लावण्याचं काम मिस ग्वाकला दिलं, कारण तिचा हात सगळ्यांत स्थिर. क्रौंच तेवढा लावला नाही. साहेबांच्या नावावर तो नव्हता.

सत्त्याण्णव साली ती निवृत्त व्हायला आली. तेव्हा मी विभागात वर चढलो होतो, आणि सगळ्या जुन्या तिकिटांची मोठी सूची काढायचं काम माझ्याकडे आलं. माणसाला म्हातारपणी सदसद्विवेक आठवतो. मी मेंग साहेबांच्या नावावरच्या त्या एकसष्ट तिकिटांवर लाल खुणा केल्या, चित्रकार ग्वाक इन-सुक असं प्रत्येकापुढे लिहिलं आणि यादी वर पाठवली. वरून एक तरुण अधिकारी आला, सुशिक्षित, नम्र. म्हणाला, “सर, पुरावा? त्या वेळचा कागद हवा. तोंडी कसं घेणार? उद्या उठून कुणीही म्हणेल मी काढलं.” कागद नव्हता. सगळे कागद मीच केले होते आणि सगळ्यांवर मेंग होते.

हे मी तिच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. ती साठ-पासष्ट ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“राहू द्या ह्योनभाऊ,” ती म्हणाली. “ते नकोच मला आता. एक करा. क्रौंचावरचं माझं नाव काढा. तो मेंग साहेबांना द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. तेवढं करा.”

मी म्हणालो, “तेही होत नाही. त्याचा कागद आहे.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “खुलासा लिहायला लावला तेव्हाच फायलीत बघितलाय. एक अक्षर अर्धंच उमटलंय, तुमच्या मशीनवर उमटायचं तसं. मी गावी निघाले त्या दिवशी तुमच्या हातात तोच होता.”

अठरा वर्षं तिला ठाऊक होतं, आणि अठरा वर्षं तिनं मला सकाळची कॉफी दिली होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “मिस ग्वाक, मी प्रयत्न करून बघतो.” ती ब्रश बांधत राहिली.

सूची छापून आली. मागे चित्रकारांची अनुक्रमणिका आहे. मेंग सोक-जू यांच्या नावापुढे आकड्यांच्या पाच ओळी आहेत. ग्वाक इन-सुक या नावापुढे एक आकडा, आणि खाली बारीक टीप, ‘शेपटीचा रंग चुकीचा.’ ती टीप मी लिहिली, नियमानं लिहावी लागते. एक प्रत मी तिला गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली. आत चिठ्ठी घातली होती, माफीची, तीन पानी.

बारा दिवसांनी पार्सल परत आलं. सुतळीची गाठ माझीच होती, कुणी सोडलेली नव्हती. वर पोस्टमननं नेहमीचा शिक्का मारला होता. घेण्यास नकार.